गुडघ्यांचं निमित्त

"परीक्षक बाई, वळणावर हॉर्न दिलाय बरं का. तेवढा मार्क लिहून घ्या," हे म्हणाले.

आमची गाडी अणुस्कुरा घाट उतरत होती. चैत्रातली सकाळ होती, खाली कोकण धुरकट दिसत होतं, आणि मी शेजारच्या सीटवर मांडीत थर्मास धरून हसू दाबत बसले होते. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस लायसन्सच्या टेस्टला बसलेल्या पोरासारखा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पाठ ताठ करून गाडी चालवत होता. एरवी ह्यांचा एक हात खिडकीबाहेर असायचा.

परीक्षेची भानगड दिवाळीत सुरू झाली होती. आमच्या इचलकरंजीच्या घरी गाडी आत घेताना ह्यांनी ती फाटकाच्या खांबाला घासली. घासली म्हणजे काय, खांब आडवा केला. खांबच मुळात वाकडा होता आणि गवंड्याला ओळंबा कशाशी खातात हे माहीत नव्हतं, असा ह्यांचा बचाव. पण पुण्याहून आलेला आमचा मुलगा उन्मेष अंगणातच उभा होता. त्यानं डोळ्यांनी पाहिलं. ह्यांचा मधुमेह जुना, वय हे असं, शिवाय आमची सगळी भटकंती घाटांतून आणि आडरस्त्यांवरून. गाडी आता विकून टाका म्हणून त्यानं आठवडाभर धोशा लावला. हे त्याच्याशी बोलेनासे झाले. शेवटी मीच मधे पडले. चैत्रात एक फेरी करू, मी शेजारी बसून सगळं नीट बघेन, काही खटकलं तर मीच बंद करायला सांगेन, असं ठरलं. उन्मेष म्हणाला, "आई, बाबांचं मी ऐकणार नाही. तू जे सांगशील ते शेवटचं." ह्यांनीही लगेच मान्य केलं. परीक्षक आपल्याच घरातली आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणेल.

खरं सांगायचं तर मी निकाल आधीच ठरवून निघाले होते. मला त्यांना पास करायचं होतं. ती गाडी जेवढी ह्यांची होती त्याहून जास्त माझी होती.

मूळची ती रुग्णवाहिका. एका धर्मादाय दवाखान्यानं लिलावात काढलेली. ह्यांचं यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप होतं. तिथं मागच्या शेडमध्ये ह्यांनी ती उभी केली आणि हळूहळू तिचं घर केलं. स्ट्रेचरच्या जागी पलंग, त्याच्याखाली पाण्याची टाकी, एका अंगाला शेगडी आणि छोटं बेसिन. ओट्याची उंची माझ्या कोपराचं माप घेऊन ठरवलेली. घरचा ओटा तेव्हा मला उंच पडायचा, पण गाडीतला कधी पडला नाही. तिचं नाव आम्ही बिऱ्हाड ठेवलं. तिच्यावर लिंबाच्या रंगाचे तीन हात मारले तरी उन्हं तिरपी झाली की खालचा लाल क्रॉस दिसायचाच. मग एखाद्या गावात तळ्याकाठी मुक्काम टाकला की कुणीतरी म्हातारी येऊन विचारायची, डॉक्टर कधी बसणार? हे तिला आत बसवून चहा पाजायचे आणि तिच्या संधिवाताची सगळी हकिकत ऐकून घ्यायचे. म्हातारी बरी होऊन जायची.

अशी आम्ही बरीच वर्षं फिरलो. कच्छचं रण पाहिलं, भंडाऱ्याकडचे तलाव पाहिले, कर्नाटकातल्या किनाऱ्यावर पाऊस लागून अडकून पडलो. कुठं थांबायचं ते मी म्हणायची, कसं जायचं ते हे ठरवायचे.

तर, घाट. घाट त्यांनी सुरेख उतरवला. गिअर बदलताना कुठं खडखड नाही, कुठं धक्का नाही. मी इतकी निर्धास्त झाले की अर्ध्या घाटात गायलासुद्धा लागले. फक्त एक होतं, हे अनवाणी चालवत होते. चपला सीटमागे टाकलेल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पायाला लोखंड लागलं म्हणजे गाडीचं मन कळतं." यंत्रांबद्दल ते असंच बोलायचे, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घाटाच्या अलीकडे मलकापूरला चहा घेतला होता तेव्हा डाव्या पायातली चपल बाकाखाली राहिली आणि हे तसेच येऊन गाडीत बसले. मी चपल उचलून आणली आणि म्हटलं, उद्या मलाही असंच कुठंतरी विसराल. "तू हाक मारतेस की," हे म्हणाले. "चपल कुठं हाक मारते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही राजापूरच्या पुढं सड्यावरच्या एका देवळात गेलो. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, सगळा काळाभोर कातळ. कातळाच्या मधोमध देवीचं कौलारू देऊळ आणि पुढं एकदम खाली समुद्र. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर लोक गाड्या भरभरून जातील. उत्सवाचा दिवस होता. त्या देवळाची एक रीत आहे. देवळाभोवतीचा सगळा कातळ हे देवीचं अंगण, म्हणून चपला पार पलीकडे, वडाखाली काढायच्या. सकाळी काही वाटत नाही, कातळ गार असतो. पण दुपारची आरती झाली आणि गुरवानं गाभाऱ्याचं दार लावलं, की देवी निजली असं समजतात. मग अंगणात चपला घालून चाललं तरी चालतं. देवी सोय करते ती अशी, पण तोवर चपला वडाखाली, माणसं देवळात आणि मधला कातळ तापून तवा झालेला.

आरती संपली. सगळे सभामंडपाच्या कडेला येऊन थांबले. गुरवाची बायको सुलोचना, आमची जुनी ओळख, मला म्हणाली, "वायच थांबा, काकी. आता कातळावर पाय ठेवलात तर फोड येतील. गोणपाटं भिजवून आणतायत, त्यावरून जाऊ सगळी." मुंबईहून उत्सवाला आलेला एक तरणाबांड गडी मात्र थांबेना. त्यानं धूम ठोकली आणि चार पावलांवरच तो असा काही नाचायला लागला की बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी तो उड्या मारत वडाखाली पोचला आणि तिथं बसून तळव्यांवर फुंकर घालायला लागला.

"तू थांब," हे मला म्हणाले. "मी तुझ्या चपला आणतो."

मी नको म्हणेपर्यंत ते उतरलेसुद्धा. हात मागं बांधून, बागेत फेरी मारावी तसे सावकाश चालत निघाले.  मग एक म्हातारी सुलोचनाला म्हणाली, "बाईचं नशीब बघ गो." मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर चारचौघांत नवऱ्यानं असं काही केलं तर कुणाला आवडणार नाही? मला फार आवडलं.

अर्ध्या वाटेवर हे थांबले. कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघत राहिले. बहुतेक एखादी होडी दिसली असावी, कारण मागं वळून त्यांनी मला बोटानं दाखवलं. तापलेल्या कातळावर दोन्ही पाय टेकून ते निवांत उभे होते. चेहऱ्यावर एक आठी नव्हती.

माझं हसू तिथंच थिजलं.

ते वडाखाली गेले. माझ्या चपला शोधल्या, दोन हातांत एकेक घेतली आणि तसेच परत आले. स्वतःच्या घालायचं त्यांना सुचलंच नाही. सुलोचना म्हणालीसुद्धा, काका, तुमच्या घालून यायचं की. तेव्हा हे पहिल्यांदा चपापले. त्यांनी आधी खाली पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"चल," म्हणाले. "घाल चपला."

"बसा खाली," मी म्हणाले. शाळेत शिकवताना वापरायची, तो आवाज माझ्या गळ्यातून आपोआप निघाला. ते बसले.

गोणपाटं आली. त्यांवरून मी त्यांना हाताला धरून वडापर्यंत नेलं, तिथून गाडीत नेलं आणि पलंगावर बसवलं. बादलीत पाणी घेऊन पाय धुवायला घेतले. डाव्या तळव्याला रुपयाएवढा पांढरा फोड आला होता, टाचेला दुसरा. उजव्याचीही तीच गत. मी फोडाच्या कडेला बोटानं दाबलं. हे खिडकीतून बाहेर बघत प्रसादाचा लाडू खात होते.

"दुखत नाही?"

"काय?"

मग त्यांना कळलं की मी कशाबद्दल विचारतेय. त्यांनी लाडू खाली ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसाळ्यापासून. आधी बोटं गेली. मग वर वर येत गेलं."

"म्हणजे दिवाळीत तो खांब..."

"क्लचवर पाय आहे असं वाटलं. नव्हता."

"आणि काल घाटात?"

"इंजिनाच्या आवाजावरून कळतं की गं. गुडघा किती वाकलाय त्यावरून कळतं. मधनंमधनं खाली बघून घेतो." मग म्हणाले, "चपल असली की तेवढंपण कळत नाही."

मला राग आला. इतका राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला कडा, आणि ज्या पायांवर आमचे दोघांचे जीव होते ते पाय ह्यांना लागतच नव्हते. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. मला सांगितलं नाही याबद्दल बोलले, उन्मेषबद्दल बोलले, समोरून एखादी शाळेची बस आली असती तर काय केलं असतं याबद्दल बोलले. हे ऐकून घेत होते. माझा दम संपला तेव्हा म्हणाले,

"काल घाटात तू गाणं म्हणत होतीस."

"मग?"

"शाळेची नोकरी संपल्यावर तू वर्षभर कशी बसली होतीस ते मी बघितलंय, कुमुद. कुणी काही विचारलं तरच बोलायचीस. घंटा झाली की दचकायचीस, आणि घंटा तर नव्हतीच घरात. तेव्हा ही गाडी घेतली मी. मला काय फिरायची हौस होती होय? मी वर्कशॉपमध्येच बरा होतो. गाडी गेली की तू परत खिडकीत जाऊन बसशील, एवढंच डोक्यात होतं."

मला हे ठाऊक नव्हतं. गाडी ही ह्यांची हौस आणि आपण तिच्यावर मागून प्रेम करायला शिकलो, असं मी इतकी वर्षं समजत होते. मी तांब्यातलं पाणी त्यांच्या पायांवर ओतत राहिले. राग गेला नव्हता, पण त्याला आता जायला जागा राहिली नव्हती.

मग सुलोचनाला हाक मारली. तिनं कोरफड आणून दिली, आणि राजापूरचा डॉक्टर संध्याकाळी उत्सवाला येतो, तो पाय बघेल असं सांगितलं. गाडी घाट चढवून न्यायचं काम तिच्या दिरानं अंगावर घेतलं. तो ट्रक चालवायचा. ती गेल्यावर हे म्हणाले, "लाव आता फोन उन्मेषला."

"सावकाश लावू."

"लाव. तुझ्यावरच सोपवलंय ना त्यानं? सांग नापास झाले म्हणून."

ते हसायला गेले, पण त्यांना जमलं नाही. त्यांनी मान वळवली आणि हात पलंगाच्या पट्टीवरून फिरवायला लागले. ती पट्टी त्यांनी स्वतः रंधा मारून बसवलेली होती. आयुष्यभर लोक ह्यांच्याकडे बंद पडलेली यंत्रं घेऊन आले आणि ह्यांनी ती चालू करून दिली. उन्मेष लहान असताना सगळ्यांना सांगत फिरायचा, माझे बाबा काहीपण दुरुस्त करतात. त्या मुलाला आता कळणार होतं की बाबांचे स्वतःचे पाय गेले, आणि खांब वाकडा नव्हता. गाडी सोडायला हे तयार झाले होते. ही गोष्ट मात्र त्यांना गिळवत नव्हती, आणि मला ते बघवत नव्हतं.

मी गाडीतच बसून फोन लावला.

"उन्मेष, आम्ही बिऱ्हाड बंद करतोय," मी म्हणाले.

त्यानं काळजीनं विचारलं, बाबांनी काही केलं का.

"बाबांनी काय करायचंय? काल अख्खा घाट उतरवला त्यांनी, पोटातलं पाणी हललं नाही माझ्या. माझंच होत नाही रे आता. गुडघे. गाडीत चढउतार करवत नाही. रात्री ठणकतात. ह्यांना म्हटलं, माझ्यासाठी थांबा."

ह्यांचा पट्टीवरचा हात थांबला. उन्मेष विचारत होता की तू आधी का नाही सांगितलंस, केव्हापासून दुखतायत, कुणाला दाखवलंस का. मी भराभर उत्तरं देत गेले. मुलांना इतकी वर्षं खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि मला एकदाही अडखळायला झालं नाही.

फोन ठेवला. ह्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "कुठला गुडघा?"

"दोन्ही," मी म्हणाले.

पाय बरे व्हायला पाऊस संपेपर्यंत वेळ लागला. डॉक्टरांनी पायांचं सगळं सांगितलं तेव्हा उन्मेषला काय कळायचं ते कळलंही असेल. तो शहाणा आहे, त्यानं कधी विषय काढला नाही. बिऱ्हाड आम्ही सांगलीच्या एका तरुण जोडप्याला दिलं. किल्ली देताना ह्यांनी त्यांना दोन तास गाडी समजावली आणि शेवटी म्हणाले, "मी अजून दहा वर्षं चालवली असती. पण हिचे गुडघे." मी चेहरा पाडून मान हलवली. त्या मुलीनं मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मात्र मला खरंच रडू आलं, आणि हे तिला सांगत होते की बघा, दुखतं हो तिला.

पुढं ते निमित्त ह्यांनी असं काही उचलून धरलं की विचारू नका. लग्नाकार्यांत, बँकेत, भाजीवाल्याकडे, जिथं कुणी विचारेल की आवटीकाका, हल्ली फिरताना दिसत नाही, तिथं माझे गुडघे हजर. जिना दिसला की मला धरायला यायचे. घरातला जुना पाट जाऊन स्टूल आलं. ओटा एकदाचा उतरवून माझ्या मापाचा केला, तोही गुडघ्यांच्याच नावावर. आणि रोज संध्याकाळी वाटीत नारायण तेल कोमट करून हे माझ्यासमोर बसायचे आणि एकेका गुडघ्याला सावकाश चोळायचे. त्यांचं झालं की मी चष्मा लावायची, त्यांचे पाय मांडीवर घ्यायची आणि तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या नीट बघायची. त्यांना लागलेलं कळत नाही, म्हणून ते मला बघावं लागतं. त्या वेळात आम्ही खूप बोलायचो. मी खिडकीत जाऊन बसले नाही. मला तेवढी फुरसतच मिळाली नाही.

त्यांचा त्यावर खरंच विश्वास बसला होता की ते नाटक करत होते, हे मी कधी विचारलं नाही. इतक्या मन लावून चोळायचे की एखाद्या दिवशी मलाच वाटायचं, डावा जरा दुखतोयच.

मग गेल्या वर्षी उन्मेषनं हट्ट धरला. आईचे गुडघे आता चांगल्या माणसाला दाखवू, लागलं तर ऑपरेशन करू. मी टाळाटाळ केली, पण हेही त्याच्या बाजूनं. कोल्हापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, गुडघे वाकवून बघितले, दाबून बघितले आणि म्हणाले, "आजी, हे पन्नाशीच्या बाईचे गुडघे आहेत. यांना काही झालेलं नाही. पूर्वीही कधी काही झालेलं दिसत नाही."

उन्मेष माझ्याकडं बघत राहिला आणि मग त्यानं हळूच बाबांकडं बघितलं. ह्यांनी डॉक्टरांकडून फोटो मागून घेतला, उजेडात धरून बराच वेळ बघितला, आणि घडी न पाडता पाकिटात घातला.  परत येताना मी गाडीतून बाहेरचा ऊस बघत बसले होते आणि मनात म्हणत होते, संपलं. निमित्त संपलं, आता तेलही संपलं.

संध्याकाळी दिवे लागले. मी बैठकीत बसले होते. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. हे वाटी घेऊन आले, स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसले. दोन बोटं तेलात बुडवून गरम किती आहे ते बघितलं.

"त्या डॉक्टराला काही कळत नाही," हे म्हणाले. "पाय पुढं कर."